भिंतीवरचे रोहित आणि कलावंतांचे गाव

नवी मुंबईत पामबीच मार्गाने जाताना भिंतींवर, पुलांच्या खांबांवर आणि चौकांमध्ये गुलाबी रोहित पक्षी दिसतात. कुठे ते रंगविलेले आहेत, कुठे त्यांचे पुतळे उभे केले आहेत. महापालिकेने 'फ्लेमिंगो सिटी' ही शहराची ओळख म्हणून पुढे केली आहे. स्वच्छ सर्वेक्षणात देशातील वरच्या क्रमांकांमध्ये राहणाऱ्या या शहराच्या भिंतींवरून पानाच्या पिंका जाऊन तिथे चित्रे आली, याचे कोणाही नागरिकाला समाधानच वाटेल. प्रस्तुत लेखकालाही ते वाटले.

परंतु त्या भिंतींशेजारी २०२४ सालच्या काही वार्ता ठेवून पाहाव्यात. त्या वर्षाच्या प्रारंभी नेरुळच्या जेट्टीजवळील एका मोठ्या फलकावर आदळून रोहित पक्षी मरण पावले आणि अखेर तो फलक काढावा लागला. एप्रिलमध्ये नेरुळच्या डीपीएस तलावात आणखी काही रोहित मेलेले आढळले. भरतीचे पाणी तलावात येण्याचे मार्ग बंद झाल्याची तक्रार पक्षिप्रेमी करीत होते. २० मे रोजी घाटकोपर परिसरात एका प्रवासी विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि सुमारे चाळीस पक्षी प्राणास मुकले. पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली, ही समाधानाची गोष्ट. पण मधल्या काळात भिंतीवरचे रोहित मात्र तसेच हसतमुख आणि तसेच गुलाबी राहिले. ज्या पाणथळीवर तो पक्षी जगतो, त्या पाणथळीविषयी या चित्रांनी पाहणाऱ्याला एक शब्दही सांगितला नाही.

इथे कोणी विचारील की, भिंतीवरच्या चित्राने आणखी काय सांगायचे? शोभा आली, पुरे झाले. नेमक्या याच समजुतीशी प्रस्तुत लेखकाचे भांडण आहे. चित्र म्हणजे शोभा, शिल्प म्हणजे चौकातील सजावट आणि कलावंत म्हणजे रंगकाम जरा बरे करणारा माणूस, ही समजूत आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या मनात इतकी खोल रुजली आहे की, कलेमागे विचार असतो असे कोणी म्हटले तर आपण संशयाने पाहतो. दुसरीकडे ज्यांना कलेमागचा विचार ठाऊक आहे, त्यांनी तो इंग्रजीच्या कुलपात ठेवून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आहे. या दोन अपराधांच्या मध्ये समाज आणि त्याची कला यांची ताटातूट झाली आहे. नवी मुंबई हे तिचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

कलेच्या नियतकालिकातून जन्मलेले शहर

हे उदाहरण बोलके का, ते पाहा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली आणि १९६५ साली ती 'मार्ग' या नियतकालिकाच्या विशेषांकातून लोकांपुढे आली. 'मार्ग' हे काही बांधकाम खात्याचे पत्रक नव्हे. मुल्कराज आनंद यांनी १९४६ मध्ये सुरू केलेले ते कलेला वाहिलेले नियतकालिक. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधील ९५ गावांच्या भूमीवर शहर उभे राहू लागले. एखादे महानगर कलाविषयक नियतकालिकाच्या पानांवरून वास्तवात उतरावे, असे भाग्य किती शहरांच्या वाट्याला येते?

याच कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला सुमारे साडेपाच हेक्टरांवर एक वसाहत रचली. एका अंगणाभोवती सात घरे, अशा तीन अंगणांचा मिळून एक मोठा चौक, आणि अशा चौकांची मिळून आळी. भिंतीला भिंत न लावता प्रत्येक घर स्वतंत्र, म्हणजे कुटुंब वाढेल तसे घर वाढविता यावे. वाड्याची, अंगणाची, आळीची ही कल्पना कोरियांनी परदेशातून आणली नव्हती. आपल्या गावांतूनच त्यांनी ती उचलली आणि शहरात रुजविली. या वसाहतीला नाव पडले 'आर्टिस्ट व्हिलेज', कलावंतांचे गाव!

आज त्या गावात अनेक घरांचे मजले वाढले आहेत, रूप पालटले आहे. त्याबद्दल तिथल्या रहिवाशांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण घर वाढविण्याची मुभा हा मूळ आराखड्याचाच भाग होता. प्रश्न निराळा आहे. कलावंतांच्या नावाचे गाव असलेल्या या शहराने कलावंतांसाठी पुढच्या चाळीस वर्षांत काय केले? वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह उभे राहिले, नाटकाला छप्पर मिळाले. त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. चित्राला आणि शिल्पाला मात्र काळाघोड्याच्या जहांगीर कलादालनाच्या किंवा राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या तोडीचे एकही दालन इथे मिळालेले नाही. बेलापूरच्या मुलाला आजही आधुनिक चित्र पाहायचे तर लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे लागते.

त्याऐवजी या शहराला मिळाले काय? नेरुळचे वंडर्स पार्क. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानात जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. मुलांना तिथे मौज वाटते, वाटू द्यावी. पण जरा पाण्याकडे तोंड करून उभे राहा. समोर उरण तालुक्यातील घारापुरीचे बेट आहे. सुमारे सहाव्या शतकात त्या बेटावरील खडक पोखरून कारागिरांनी वीस फुटांच्या आसपास उंचीचा सदाशिव कोरला. एकाच मूर्तीत उग्र, शांत आणि कोमल अशी तीन मुखे, आणि तिन्ही मिळून एकच तत्त्व. १९८७ पासून ती लेणी जागतिक वारसा आहेत. ज्या शहराच्या दारासमोर असे शिल्प आहे, त्या शहराने दूरदेशीच्या आश्चर्यांच्या छोट्या प्रतिकृती बसवून समाधान मानावे, याला काय म्हणावे? घारापुरीच्या शिल्पकाराने कोणाची प्रतिकृती केली नव्हती. त्याच्या मनात एक विचार होता आणि त्या विचाराला त्याने दगडात शोधले.

विचार परका नाही

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना असे वाटते की, 'कलेमागची संकल्पना' हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपली कला भक्तीची आणि सौंदर्याची. हा गैरसमज दूर झाला पाहिजे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्तिकला शिकविण्याची विनंती करतो. ऋषी सांगतात, आधी चित्र जाणल्यावाचून मूर्ती कळणार नाही. चित्रासाठी नृत्य जाणले पाहिजे, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. म्हणजे हाताच्या कौशल्याआधी ज्ञानाची एक अख्खी साखळी आपल्या आचार्यांनी अपेक्षिली होती. मूर्ती घडविण्यापूर्वी ध्यान, आणि ध्यानातून रूप, हा आपल्याकडचा क्रम. तेव्हा आजचा कलावंत 'मी आधी विचार करतो, मग माध्यम निवडतो' असे म्हणतो तेव्हा तो आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

मराठीत हा विचार मांडता येत नाही, ही दुसरी पळवाट. रायगडमधील नागावला जन्मलेले प्रभाकर बरवे बनारसच्या विणकर सेवा केंद्रात काम करीत असताना तिथल्या तंत्रपरंपरेने प्रभावित झाले, आणि पुढे घड्याळ, पान, चमचा, शिंपला अशा साध्या वस्तूंतून त्यांनी अवकाशाचा आणि काळाचा शोध घेतला. चित्रकाराच्या मनात काय चालते, हे त्यांनी 'कोरा कॅनव्हास' या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात शुद्ध मराठीत लिहिले. म्हणजे भाषा आहे, शब्द आहेत आणि लिहिणारे होऊन गेले आहेत. तरीही मुंबईच्या कोणत्याही प्रतिष्ठित दालनात पाऊल टाका. चित्राशेजारचे निवेदन बहुधा इंग्रजीत असते, आणि तेही असे की इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पदवीधरालाही त्याचा अर्थ लागू नये. ज्या महाराष्ट्रात ती चित्रे रंगविली जातात, त्याच्या भाषेत दोन ओळी लिहिण्याचे सौजन्यही दाखविले जात नाही. मग सामान्य कुटुंब दाराशी येऊन परत फिरते, आणि दालनाचे चालक म्हणतात की, समाजाला अभिरुची नाही. दार आपणच लावायचे आणि पाहुणा आला नाही म्हणून त्यालाच बोल लावायचा, असा हा न्याय आहे.

बाजाराने यात भर घातली आहे. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे अनेक वर्षे दिल्लीच्या एका लहानशा जागेत, प्रसिद्धीपासून दूर राहिले आणि २००१ मध्ये गेले. २०२१ मध्ये त्यांचे १९६१ सालचे एक चित्र ३९ कोटी ९८ लाख रुपयांना विकले गेले, तेव्हा ते नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर आले. आकडा साऱ्यांनी वाचला. त्या चित्रात काय आहे, मौनाला रंगात कसे आणावे या ध्यासापायी या माणसाने वर्षाला मोजकीच चित्रे का केली, हे किती जणांनी विचारले? कलेची किंमत कळली आणि मूल्य हरवले.

शिकागोच्या पायऱ्या

आता एक प्रश्न थेट आपल्या परिवाराला. ११ सप्टेंबर हा दिवस आपण विसरत नाही. १८९३ साली त्या दिवशी स्वामी विवेकानंदांनी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत भाषण केले. ज्या वास्तूत ती परिषद भरली, तिथेच आज शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय आहे. २०१० च्या ११ सप्टेंबरला त्या संग्रहालयाच्या भव्य जिन्यावर, ११८ पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर, स्वामीजींचे ते संपूर्ण भाषण प्रकाशाच्या अक्षरांत उमटले. अक्षरांचे रंग पाच होते: तांबडा, नारिंगी, पिवळा, निळा आणि हिरवा. दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याची पातळी दाखविण्यासाठी अमेरिकी शासन त्या काळी हेच पाच रंग वापरीत असे. धर्मांधतेचा अंत व्हावा ही आशा व्यक्त करणारे भाषण ज्या तारखेला झाले, त्याच तारखेला १०८ वर्षांनी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. ही दोन टोके त्या जिन्यावर एकत्र आली आणि पायऱ्या चढणारा प्रत्येक जण ते शब्द वाचीतच वर गेला.

ही कलाकृती करणारा कलावंत कोण? मुंबईत जन्मलेला, सर ज. जी. कलाशाळेत शिकलेला जितीश कल्लाट. याआधी २००३ मध्ये त्याने पंडित नेहरूंचे स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचे भाषण आरशांवर जळक्या अक्षरांत लिहिले होते. २००७ मध्ये दांडीयात्रेच्या पूर्वसंध्येचे गांधीजींचे भाषण हाडांच्या आकाराच्या सुमारे साडेचार हजार अक्षरांतून उभे केले होते. राष्ट्राने उच्चारलेल्या शब्दांचे पुढे काय झाले, हा या मालिकेमागचा प्रश्न आहे. आपल्या कोणत्याही बौद्धिक वर्गाला शोभेल असाच तो प्रश्न नव्हे काय? स्वामीजींच्या छायाचित्राला हार घालणाऱ्या किती घरांना या जिन्याची वार्ता लागली? कलाजगताने सांगितले नाही हे खरे, पण आपणही विचारले नाही.

आपण विचारले नाही, याचे एक कारण उघड बोलले पाहिजे. १९९६ पासून दीड दशक आपल्याकडे समकालीन कला म्हटले की एकच नाव निघत असे, ते मकबूल फिदा हुसेन यांचे. देवतांच्या त्यांच्या चित्रांनी श्रद्धावंतांची मने दुखावली, निषेध झाले, न्यायालयात खटले गेले, २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले. पुढे हुसेन यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनला त्यांचा मृत्यू झाला. दुखावलेली भावना खोटी नव्हती, आणि तिची टवाळी करणाऱ्या बुद्धिवाद्यांनी संवादाचा मार्ग आणखी अरुंद केला. परंतु निषेधाचा हक्क हा मोडतोडीचा परवाना नव्हे, हेही त्याच वेळी ठणकावून सांगायला हवे होते. आणि या साऱ्या गदारोळात आपण स्वतःचे जे नुकसान करून घेतले, त्याचा हिशेब अजून मांडलेला नाही. एका चित्रकारावरील रागापायी आपण चित्रकलेकडेच पाठ फिरविली. ज्याच्याशी वाद घालायचा, त्याचा विषय तरी आपल्याला ठाऊक असावा लागतो. आपली परंपरा खंडनमंडनाची आहे, आणि तिचा पहिला नियम असा की, पूर्वपक्ष समजून घेतल्याशिवाय उत्तरपक्ष मांडायचा नाही.

मतभेदासह पाहावे

ठाण्याचे सुधीर पटवर्धन यांचे उदाहरण घ्या. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले हे डॉक्टर १९७५ पासून तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत होते आणि त्याच वेळी चित्रे रंगवीत होते. त्यांच्यावर मार्क्सवादाचा प्रभाव आहे, हे त्यांनी कधी लपविले नाही. तो विचार आपल्याला मान्य नाही. पण त्यांच्या चित्रांतील लोअर परळचा गिरणगाव, उल्हासनगरची दाटी, लोकलमधील थकलेला माणूस, हे सारे आपलेच लोक आहेत. आपल्यापैकी कितीजणांनी त्यांच्याकडे इतक्या धीराने आणि ममतेने पाहिले? शिवाय याच पटवर्धनांनी २००८ च्या सुमारास 'विस्तारणारी क्षितिजे' हे आधुनिक भारतीय चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्राच्या अनेक शहरांत नेले. मूळ चित्रे मुंबईबाहेरच्या मराठी माणसापुढे ठेवण्याचे हे काम कोणत्याही शासकीय खात्याने नव्हे, एका चित्रकाराने मनावर घेतले.

दुसरे उदाहरण तुषार जोग यांचे. २०१८ मध्ये अकाली गेलेल्या या कलावंताने 'युनिसेल' नावाचे एकट्याचेच सार्वजनिक बांधकाम खाते काढले होते! लोकलबाहेर लोंबकळणाऱ्या प्रवाशांसाठी अंगाला बांधायची उपकरणे वगैरे योजना ते सरकारी भाषेत, गंभीर चेहऱ्याने मांडीत. २०१० मध्ये ते मोटारसायकलवरून मुंबईहून शांघायला निघाले, तेही सरदार सरोवर आणि चीनचे थ्री गॉर्जेस धरण यांच्या वाटेने. धरणांविषयीचे त्यांचे मत अनेकांना पटणार नाही. पण विकासासाठी ज्याची जमीन गेली त्याचे काय, हा प्रश्न नवी मुंबईला परका आहे का? जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व त्या रक्तातून आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याला दि. बां.चे नाव देण्यासाठीही लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. जासईला हुतात्म्यांचे स्मारक आहे. पण शहराच्या रंगविलेल्या भिंतींवर तो शेतकरी, ती आगरी-कोळी वस्ती, ते मिठागर शोधावे लागते. रोहित मात्र पावलोपावली दिसतो, कारण तो काही मागत नाही.

हाच सजावट आणि कला यांतील भेद आहे. सजावट सोयीचे तेवढे दाखविते. कला, ती घारापुरीची असो वा आजची, पाहणाऱ्याकडून काही मागते.

मागणी

नुसती टीका करून थांबणे हा आपला स्वभाव नाही. म्हणून चार गोष्टी स्पष्टपणे मांडतो. पहिली, नवी मुंबईत एक कायमचे सार्वजनिक कलादालन हवे. त्यासाठी संगमरवरी प्रासादाची गरज नाही. केरळने २०१२ पासून कोचीची जुनी गोदामे आणि वखारी वापरून जगभरातील कलावंतांना बोलाविले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात बंद पडलेल्या कारखान्याची एखादी शेड पुरेशी आहे. दुसरी, सार्वजनिक पैशातून जिथे चित्र वा शिल्प उभे राहील, तिथे कलावंताचे नाव आणि त्यामागील विचार मराठीत लिहिलेला असावा. विचारच नसेल तर ते पाटी लिहिताना आपोआप उघडे पडेल! तिसरी, १८५७ पासूनच्या ज. जी. कलाशाळेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वर्षानुवर्षे रिक्त राहिलेल्या अध्यापकांच्या जागांनी त्या संस्थेची जी परवड झाली, ती पुन्हा होऊ नये यासाठी समाजाने शासनाला प्रश्न विचारीत राहिले पाहिजे.

चौथी गोष्ट शासनाकडे मागायची नाही, ती आपल्या घरातली आहे. मुलाच्या हातात पेन्सिल पाहिली की आपण त्याला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवितो, कारण त्यांचे गुण दहावीत उपयोगी पडतात. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. तोच मुलगा 'मला कलाशाळेत जायचे आहे' म्हणाला, तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. असे प्रसंग प्रस्तुत लेखकाने आपल्याच परिचितांत पाहिले आहेत, आणि गप्प बसून त्यात सहभागीही झालेला आहे. मग आपल्या विचारांचे चित्रकार का नाहीत, अशी खंत आपण कोणत्या तोंडाने करतो? मुले आपण पाठविली नाहीत, दालनांत आपण गेलो नाही, चित्र कधी विकत घेतले नाही. रिकाम्या जागेवर दुसरे येऊन बसले, तर तक्रार कोणाकडे करायची?

वाचकहो, जहांगीर कलादालनात प्रवेशासाठी तिकीट नाही. येत्या रविवारी मुलांना घेऊन जा. चित्र आवडले नाही तर तसे सांगा, समजले नाही तर तिथे बसलेल्या चित्रकाराला मराठीत विचारा. त्याने इंग्रजीत उत्तर दिले तर पुन्हा मराठीत विचारा. आणि परतताना पामबीचवरून आलात, तर भिंतीवरचे रोहित मुलांना दाखवून तिथेच थांबू नका. गाडी तलावाकडे वळवा, आणि पाणी किती आहे ते मुलांनाच पाहू द्या.